उजव्या कडेची अकरा सेकंदं

आप्पा, तुम्ही मला फसवलंत. एकदा नाही, बारा वर्षं फसवलंत. शिरूरच्या बाजारात आजवर कुणी माझ्या पिशवीत एक नासका कांदा टाकू शकलेला नाही. लग्नघरचे बापे माझ्याशी भाव करायला बसायच्या आधी पाणी पिऊन घेतात. आणि तुम्ही दौंडला, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीतल्या त्या खोलीत बसून, गालात सुपारी धरून, दर महिन्याला मला एकच खोटं सांगितलंत. दर महिन्याला मी ते खरं मानून घरी घेऊन आले.

आपल्या भागातल्या शूटिंगवाल्यांनी तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. मला म्हणाले, "मॅडम, तुमची ओळख सगळ्यात जुनी, तुम्ही लिहा." तुम्ही किती साधे होता, अडल्यानडल्याला कसे धावायचात, ते बाकीचे लिहितील. ते खरंच आहे. मला मात्र तुमच्याशी भांडायचंय, आणि भांडायला तुम्ही नाही. तुम्ही गेल्यापासून मी घरात एकटी मोठ्यानं बोलते. परवा शेजारीण म्हणाली, "ताई, फोन स्पीकरवर ठेवता काय हो?" मी हो म्हणाले.

पुस्तक वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच थोडं परत सांगते.

माझा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. बाजारात त्याच्या मागं उभी राहून मी सौदा शिकले. कोकराच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, कोकराकडं बघायचंच नाही. लग्न झाल्यावर तेच स्टुडिओत कामाला आलं. संपत कॅमेरा धरायचा, मी माणूस धरायची. घरात मी नवऱ्याचं नाव घेत नव्हते, पण धंद्यात "अहो" म्हणून चालत नाही. गर्दीत दहा अहो वळतात. म्हणून संपत. लग्न शूट झालं की टेपा पिशवीत घालून मी शिरूरहून न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं निघायची, चौफुल्याला गाडी बदलायची, आणि दौंडला तुमच्या पुढ्यात पिशवी उपडी करायची. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. साठीत कॉम्प्युटर शिकलात. तालुक्यातल्या पोरांना जमायचं नाही असं तुकड्याला तुकडा जोडणं तुम्हाला जमायचं. सांधा कुठं आहे ते दाखवून दिलं तरी दिसायचा नाही.

"काय मॅडम, कधी पायजे?" तुम्ही विचारायचात.

"चार दिवसांत."

"आठ."

"पाच, आप्पा. पोरीची पाठवणी झालीय, आता तिच्या आईला रडायला डीव्हीडी पायजे."

"तिला म्हणावं, तवर तोंडी रड."

असं आपलं चालायचं. मी दिवस कमी करायची, तुम्ही वाढवायचात, तुमच्या घरच्या काकी चहा आणायच्या. माझे वडील लवकर गेले आणि सासरे मी पाहिलेच नाहीत. मी ज्याच्यावर ओरडू शकते असा वडीलधारा माणूस मला तुमच्याच घरी मिळाला.

मग संपतनं रुंद चित्राचा कॅमेरा घेतला. जुना कॅमेरा चौकोनी चित्र घ्यायचा, चारास तीन. नवा सोळास नऊ. लोकांच्या घरात टीव्ही अजून जुनेच होते, पाठीला पोक आलेले. रुंद चित्र त्यावर लावलं की वर आणि खाली काळी पट्टी यायची. लोक भांडायला स्टुडिओत यायचे. "मॅडम, आम्ही अख्ख्या टीव्हीचं सांगितलं व्हतं, ह्यो मधलाच भरलाय." तुम्ही म्हणायचात, पट्टी राहू द्या, माणूस जेवढा हाय तेवढाच दिसला पायजे. मी म्हणायची, गिऱ्हाइकाला माणूस नको, टीव्ही भरलेला पायजे. आपल्या भांडणाचं मूळ हे. ते कधी मिटलं नाही.

वरवंडच्या त्या लग्नात ते टोकाला गेलं. मुलीच्या वडिलांकडं स्वतःच्या लग्नाची जुनी कॅसेट होती, चौकोनी. मुलीचं लग्न आपण रुंद घेतलेलं. त्यांना दोन्ही एकाच डीव्हीडीवर पाहिजे होतं. लेक-जावयाला सोफ्यावर बसवायचं, एकदा बटण दाबायचं, आणि बापाच्या लग्नापासून लेकीच्या लग्नापर्यंत सलग. मध्ये काही दाबायचं नाही, पट्टी दिसायची नाही. मी तिथंच शब्द देऊन बसले.

तुम्ही कपाळाला हात लावलात. "शालन, एका डीव्हीडीवर दोन्ही बसत्यात. पण एका भागात न्हाई बसत. एका भागाला एकच माप. जुनं एका भागात घालू, नवं दुसऱ्यात. आन् म्होरं एक पान करू, त्याच्यावर दोन बटणं."

"बटणं नको."

"आगं ऐक तरी. मी रेल्वेत लागलो तवा बारामतीची छोटी गाडी दौंडातच यायची. तिचं रूळ अरुंद, मुंबईच्या गाडीचं रुंद. एका रुळावर दोन्ही चालायच्या का? न्हाई. पण ठेसन तर एकच व्हतं ना? डीव्हीडी म्हंजी ठेसन."

"मला ठेसन नको आप्पा, गाडी पायजे. मधे उतरून बदलायची न्हाई."

"मग एकाच मापात कोंबावं लागंल. नवं दाबलं तर माणसं काठीवानी बारीक दिसत्यात. न्हाईतर दोन्ही कडा कापायच्या."

"कापा."

"कडंची माणसं जातील की गं."

"कडंला असतं कोण? आचारी, बँडवाले आणि पोरं कडेवर घेतलेल्या बाया. नवरा-नवरी मधेच असत्यात."

ह्यातला एकही शब्द मी आज नाकारत नाही.

तुम्ही मला मूळ चित्र दाखवायला बसवलंत, कुठं काय जातंय ते कळावं म्हणून. सप्तपदी आली. ती भाड्यानं आणलेल्या दुसऱ्या कॅमेरामननं लांबून घेतली होती. मधोमध नवरा-नवरी. आणि तुम्ही चित्र थांबवून ओरडलात, "हे बघ कोण!"

उजव्या कडेला संपत होता. स्वतःचा कॅमेरा पोटाशी लोंबकळत होता, संपलेली बॅटरी दातांत धरलेली, दोन्ही हातांनी नवी बसवत होता. कुणीतरी हाक मारली. त्यानं बॅटरी तोंडातून काढली, मान वळवून काहीतरी बोलला, हसला आणि मागं सरकला. तुम्ही मोजलीत. अकरा सेकंदं.

आपल्या धंद्यातला पहिला नियम, कॅमेरावाला चित्रात दिसता कामा नये. मांडवातली शंभर माणसं जांभया देताना दिसली तर चालतं, कॅमेरावाला दिसला की ती चूक. ती काढायची. त्यामुळंच वीस वर्षं लोकांची लग्नं टिपणारा माणूस कुठल्याही लग्नात दिसत नाही. वऱ्हाडाला कॅमेऱ्यामागं तोंड असतं हेच आठवत नाही.

"काढा त्याला," मी म्हणाले.

"कापतोयच की. कडा गेली की तुझा नवराबी गेला. आयतंच काम झालं."

आपण दोघं हसलो. काकी चहा घेऊन आल्या, त्यांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "नवऱ्याला कापाया ही बया शिरूरवरनं दौंडला येती!" परत हसलो. घरी जाऊन मी संपतला झापलं, फ्रेममध्ये कशाला कडमडलात म्हणून. तो म्हणाला, "काढायच्या आधी मला दाखव तरी. मी कसा दिसतो बघू." मी म्हणाले, "त्यात काय बघायचंय? आरसा आहे की."

वरवंडच्या लोकांना डीव्हीडी आवडली. त्यांचा फोन आला तसा मी तुम्हाला फोन केला. आप्पा, सीझन तोंडावर आलाय, कॉम्प्युटरमधलं सगळं उडवून जागा करा, टेपा परत पाठवा. टेपा आल्या. आपली रीतच होती, गिऱ्हाईक खूश झालं की त्या टेपेवर पुढचं लग्न. सप्तपदीच्या टेपेवर कुठलं लग्न आलं ते मला आठवतसुद्धा नाही.

चार महिन्यांनी पाटसजवळ हायवेला अपघात झाला आणि संपत गेला. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ह्याच्यापुढं मला त्याबद्दल लिहायचं नाही.

फोटो आहेत. भरपूर आहेत, स्टुडिओवाल्याच्या घरात फोटोंना काय तोटा. पण फोटोतला माणूस आधीच हसून झालेला असतो. तो हसायला लागताना दिसत नाही. संपतचं हसू डाव्या बाजूनं सुरू व्हायचं आणि उजवीकडं पोचायला वेळ लागायचा. ते मला परत एकदा बघायचं होतं.

तेराव्याला तुम्ही शिरूरला आलात. पंगती उठल्यावर मी तुम्हाला बाजूला घेतलं. "आप्पा, ते वरवंडचं. कापायच्या आधीचं. ते आहे ना?"

तुम्ही सुपारी ह्या गालातून त्या गालात घेतलीत. "हाय," तुम्ही म्हणालात. "फुल्ल काढून ठेवलंय. डिस्क करून देतो."

एवढंच. तेवढ्यावर मी उठले, दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, स्टुडिओचं शटर वर केलं, संपतचा कॅमेरा खांद्यावर घेतला. बाई कॅमेरा धरते म्हणून लोक बघायला यायचे. आज माझ्याकडं तीन टीम आहेत, ड्रोन आहे, पुण्याच्या पार्ट्या मला बोलावतात. हे सगळं मी माझ्या मनगटावर केलं असं मी सगळ्यांना सांगते. त्यात तुमचं ते एक "हाय" किती होतं, हे मी आत्ता मोजायला बसले आहे आणि मला राग येतोय.

मग सुरू झाली तुमची कारणं. हार्डडिस्क माळ्यावर आहे. डिस्क केली पण अडकते, परत करतो. लाईट नाही. कमर धरलीय. मी विचारायची, किती दिवस? तुम्ही म्हणायचात पंधरा. मी म्हणायची आठ. "बरं, धा." मी उठून यायची आणि महिन्यानं परत. बँडवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर मी मांडवात उभं करून सोलते, आणि तुम्हाला बारा वर्षं दिली. कपाट तुमच्या पाठीमागंच होतं. ते मी कधी उघडलं नाही. का नाही उघडलं, हे मला कुणी विचारू नये.

हळूहळू डीव्हीडी संपल्या. लोक पेनड्राइव्ह मागायला लागले, मग तेही नको, मोबाईलवर पाठवा. एडिटिंगला माझ्याकडंच दोन माणसं आली. दौंडला यायचं काही काम उरलं नाही, तरी मी यायची. कधी जुनी कॅसेट उतरवायला आणली, कधी नुसतीच. टीव्हीही सगळ्यांकडं रुंद झाले. आता जुन्या चौकोनी चित्राला दोन्ही बाजूंनी पट्ट्या यायला लागल्या. लोक रिमोटनं ती ताणायचे. लग्नात पाटावर बसलेली आजी पिंपाएवढी दिसायची, आणि लोकांना तेच बरं वाटायचं. तुम्ही कुणाच्या घरी चहाला गेलात तरी न विचारता रिमोट उचलून चित्र नीट करायचात. घरातली म्हणायची, "आप्पा, टीव्ही बारीक झाला." तुम्ही म्हणायचात, "टीव्ही न्हाई, तुमची आजी बारीक झाली. ती तशीच व्हती."

मी तुमच्यावर ओरडायची, "हे ज्ञान सांगताय, आधी माझी डिस्क द्या." तुम्ही मान खाली घालायचात. मला वाटायचं, म्हातारा आळशी झालाय.

तुमच्या तेराव्याला मी दौंडला आले. माणसं पांगल्यावर काकींनीच कपाट उघडलं. "ही तुझी," म्हणाल्या. पांढरी डिस्क, कागदी पाकिटात. तुमच्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं, 'संपत, पूर्ण'.

मी तिथंच पाकिटातून डिस्क काढली. तुमचा जुना प्लेअर काकींनीच टीव्हीला जोडला. मी जमिनीवर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसले.

सप्तपदी आली. मधोमध नवरा-नवरी. दोन्ही बाजूंना काळं.

मला वाटलं टीव्हीची सेटिंग चुकली आहे. रिमोट घेऊन एकेक माप बदलत गेले. नवरी रुंद झाली, परत अरुंद झाली, तिचं डोकं कापलं गेलं. उजवीकडचं काळं काही केल्या उघडेना. मग मला कळलं, आप्पा. सांधा दिसू न देणाऱ्या माणसाचा सांधा मला पहिल्यांदा दिसला. गिऱ्हाइकाला दिलेल्या कापलेल्या डीव्हीडीची प्रत तुम्ही घेतलीत, रुंद चौकटीच्या मधोमध ठेवलीत, आणि वर लिहिलंत 'पूर्ण'. दुसरं तुमच्याकडं काही नव्हतंच. तुम्हीच जागा रिकामी केली होती, माझ्या फोनवरून.

संपत उभा होता त्या जागी काळी पट्टी होती. मी ती अकरा सेकंदं मोजली. आवाज ऐकू येईल म्हणून कान लावला, तर सप्तपदीवर आपण सनई टाकलेली. तीही मीच सांगितली होती.

काकी माझ्या मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे त्यांनी संपतच्या वर्षश्राद्धाच्या आधीच केलं व्हतं. तुला द्यायला निघालं. चौफुल्यापातूर गेलं आन् माघारी आलं."

"का?"

"म्हणलं, ही बघितली की तिला कळंल. दोन दिस जेवलं न्हाईत. मी म्हणलं, मग सांगून टाका पोरीला, न्हाई म्हणून. तर म्हणलं, न्हाई म्हणलं की ती यायची बंद व्हईल. एकटीच बसंल घरात. हाय म्हणलं की भांडाया तरी येती."

मी ओरडले. तेराव्याच्या दिवशी, तुमच्या फोटोला घातलेल्या हारासमोर ओरडले. "म्हणजे तुम्हालाबी माहीत होतं?"

"व्हय."

"बारा वर्षं मला भाकरी वाढताना?"

"व्हय. आन् अजून वाढीन. वरड तू."

आप्पा, चौफुल्यापर्यंत आलेले तुम्ही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हातात ते पाकीट, इकडची एसटी समोर उभी, आणि तुम्ही उलट्या बाजूला जाऊन उभे राहिलात. खोटं बनवलंत पण माझ्या हातात ठेवता आलं नाही. एवढं तुमच्या बाजूनं मी धरते. इतक्या वर्षांत माझी वाट कुणी बघत होतं तर ती त्याच खोलीत, हेही धरते.

पण त्या दिवशी नाही म्हणाला असतात तर मी तेव्हाच रडून घेतलं असतं. तेव्हा अंगात रडायची ताकद होती. माझ्याजवळ माणसं होती, सासू होती, आई होती. आज बावन्नाव्या वर्षी त्याचं आणि तुमचं एकदम आलंय. सासू नाही, आई नाही. संध्याकाळी शटर ओढलं की घरात भिंतीवर लोकांच्या लग्नांचे नमुने आहेत आणि मी आहे. तुम्ही माझं एकटेपण टाळलंत म्हणता. टाळलं नाहीत, साठवलंत.

मी घरात बसून राहिले असते हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी बाजारात वाढलेली बाई. मला कुणी कधी न विचारता काही दिलेलं चालत नाही, चांगलंसुद्धा नाही. संपतला कापायला मी सांगितलं, ते माझ्यावर. टेपेवर दुसरं लग्न मी घातलं, तेही माझ्यावर. मी ते कुणावर ढकललेलं नाही, ढकलणारही नाही. पण मला खरं झेपणार नाही हे ठरवलं कोणी? काकी म्हणतात, गेलेल्या माणसाला जाब विचारू नये. मग कुणाला विचारू? काकींनी फक्त भाकरी वाढली. "हाय" तुम्ही म्हणालात, आप्पा, माझ्या डोळ्यांत बघून. ह्याचा जबाब तुम्हीच द्यायचा आहे. बोला.